दादाच्या तुकड्यात मुरलेलं पाणी

आप्पा, मी दादावर जळतो. तुम्ही होते तेव्हा हे बोललो असतो तर पाठीत रुमणं बसलं असतं, म्हणून आता नऊ वर्षांनी लिहितोय. जळायचं कारण पोरगी नाही, फटफटी नाही. दादाच्या वावरात पाणी मुरतं, माझ्या वावरात मुरत नाही. हसू नका.

वाटे तुम्हीच केले. एकच वावर, मधोमध बांध. आतला तुकडा दादाला, रस्त्याकडचा मला. मी तेव्हा नववीत, तेही कसाबसा, पण एवढं कळलं की लाडका मीच, कारण ट्रॅक्टर फक्त माझ्याच तुकड्यात शिरतो. दादा अजून बैलांनीच वखरतो. माती तीच, पाऊस तोच. दहावी हुकली तेव्हापासून मी दरवर्षी रोटाव्हेटर मारतो, काडीकचरा जाळतो, मिरचीत गवताचं पातं ठेवत नाही. लोक म्हणतात, पोराने वावर अंगणासारखं ठेवलंय. खरंच अंगण झालंय हो. पाणी वरच्या वर सरकतं, गढूळ होऊन रस्त्याला लागतं आणि दोन दिवसांनी माती पापडासारखी तडकते. दादाचं वावर म्हणजे दाढी न केलेला माणूस. ज्वारीची धसकटं तशीच, तुरीचा पाला खाली पडलेला, बांधावर गवत. पण पाऊस थांबला की त्याच्याकडे डबकं नाही. त्याला विचारलं की एकच उत्तर, "आप्पा सांगेत, माती उघडी टाकानी नही."

आप्पा सांगेत! हे तुम्ही त्याला कधी सांगितलं? मला का नाही? पाण्याचं एक वेळ सोडा, पण तुमचं बोलणंसुद्धा त्याच्याच वाट्याला जावं, हे मला सहन होत नाही.

यंदा पेरणीआधी कृषी सहायक ताई आल्या, बुड काढलेले दोन पत्र्याचे डबे घेऊन. एकेक डबा दोघांच्या मातीत अर्धा ठोकायचा, वरून पाणी ओतायचं आणि मुरायला किती वेळ लागतो ते मोबाईलवर बघायचं. मी लगेच दादाशी पैज लावली. ज्याचं वावर आधी पाणी पिईल, पुढे दोन्ही तुकडे त्याच्या पद्धतीने करायचे. लावली खरी, मग रस्त्याला लागणारं गढूळ पाणी आठवलं. हरलो तर आयुष्यभर आप्पा सांगेत ऐकायचं. डबे ठोकून झाले, सगळे बांधावर चहा पीत बसले, तेवढ्यात मी माझ्या डब्यात पहार घातली. हातभर भोक पाडलं आणि वर भुसभुशीत माती लोटली.

दादाच्या डब्यातलं पाणी सावकाश खाली चाललं होतं, म्हातारा बशीतून चहा पितो तसं. माझ्यातलं गटकन गेलं, आवाजासकट. ताई एकदा डब्याकडे बघतात, एकदा मोबाईलकडे. दादा उकिडवा बसला, डब्यात हात घातला तर मनगटापर्यंत आत गेला. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर काढतो माझी. तो हात झटकत हळूच म्हणाला, "भाऊ, आठे कोठे तरी पानी मुरी ऱ्हायनं."

ताईंना एवढं हसू आलं की त्यांना डोळे पुसायला लागले. मग त्यांनी डबा दोन पावलं पलीकडे ठोकला. दुसरा चहा झाला तरी पाणी तिथेच. माझं तोंड त्यात स्वच्छ दिसत होतं. दादाने पहारीचं नाव अजूनही कुणाजवळ काढलेलं नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

पैज पाळली. यंदा माझ्या वावरातही धसकटं उभी आहेत आणि लोक विचारतात, आळशी झाला का रे.

एक कबूल करतो. तुम्ही दोघांनाही सांगितलं होतं. बांधावर बसून तुम्ही दादाला आणि मला मातीचं काहीतरी सांगत होते आणि मी तुमच्या मागे उभा राहून तुमच्या खोकण्याची नक्कल करत होतो. वाटलं दादा हसेल. तो ऐकत होता.

हे पत्र कुठे टाकणार? दादाला दाखवायचं तर तो फुगेल. आजकाल मी रोज त्याच्याकडे विळा मागायला जातो. सरळ विचारवत नाही, म्हणून गवताचं विचारतो, शेणखताचं विचारतो, आणि तो आप्पा सांगेत म्हणेपर्यंत उभा राहतो. विळे माझ्याकडे दोन आहेत.