गाणं आवडलं तर एक रिंग

४ ऑगस्ट, सोमवार
रेडिओ केंद्राची बैठक. दुपारचा जुन्या गाण्यांचा माझा तास बंद करायचं आप्पांनी काढलं. अध्यक्ष ते. म्हणे, ऐकतं कोण? फर्माइशीचा एक मेसेज येत नाही. महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली. दिली. बाईंना आवराआवर करायला वेळ हवा, असा चेहरा.

५ ऑगस्ट
एक मराठी, एक कन्नड, क्रम छान जमला. पण निवेदन सुरू केलं की फोन. उचलायच्या आत बंद. मग दुसरा नंबर. महावीरला, आमच्या तंत्रज्ञाला, सांगितलं, सगळे ब्लॉक कर.
"रोजचंच हाय की बाई ह्ये."
"मग रोज का सोसलंस?"
केले ब्लॉक.

८ ऑगस्ट
फोन गप्प. निवेदन स्वच्छ. मेसेज नाहीच. नुसत्या स्वच्छतेचं काय करू?

१० ऑगस्ट, रविवार
भाजी घेऊन येताना शांताक्काच्या ओसरीपाशी थबकले. चौघीजणी मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत बसलेल्या. भिंतीवर रेडिओ, त्यात मीच. रविवारी जुना तास पुन्हा लागतो. माझ्याकडे कुणी बघेना.
शेवटी शांताक्का. "आमचा राग आलाय व्हय, बाई?"
"कसला?"
"गाणं आवडलं की मिस कॉल देतूय की आमी. आता लागतच न्हाय."
एकीनं पुस्ती जोडली, "लई आवडलं तर दोनदा. मंगळवारच्या कन्नड गाण्याला तर म्या तीनदा दिलता!"
मी विचारलं, "मेसेज का नाही करत?"
"तंबाखूच्या हातानं लिवत बसू? आन् तुमी नाव वाचणार. सासू म्हणंल, इड्या सोडून गाणी मागती व्हय गं?"
"आधी सांगायचं तरी!"
"मिस कॉल कशापायी देत्यात, ह्येबी तुमास्नी सांगायचं?"
हसल्या सगळ्या. मला हसू आलं नाही. घरी आल्यावर आलं.

११ ऑगस्ट
सगळे नंबर खुले. फोनचा आवाज बंद, नुसता उजेड पडेल असा समोर ठेवला. रेडिओवर सांगितलं, "गाणं आवडलं तर एक रिंग द्या. नाव विचारणार नाही, वाचणार नाही."
तास संपला. एकही नाही. रुसल्यात. महावीर म्हणतो, थांबा जरा.

१२ ऑगस्ट
तिसऱ्या गाण्याला उजेड पडला! शांताक्काच असणार. मग आणखी दोन.

१४ ऑगस्ट
कन्नड गाणं संपलं की फोन विझतच नाही. आप्पांना बोलावून शेजारी बसवलं.
"ह्येला फर्माइश म्हणत न्हाईत, बाई."
"म्हणू नका. बघा."
बघत होते. एकदम पुढे वाकले, चष्मा लावला. "ह्यो तर आमच्या घरचा नंबर."
"घरी विचारू नका," म्हटलं. "रेडिओवर शब्द दिलाय."
निकाल बैठकीत. आप्पा उठले नाहीत. महावीरला हळूच विचारलं, "फुडचं कुठलं रं?"