धनी हयात असेतोवरच्या पाण्याबाबत

प्रति,
मा. जलाध्यक्ष साहेब,
नगर पाणीपुरवठा कचेरी, रोम.

अर्जदार : सेक्स्टस कर्विलियस थालुस, दास्यातून मुक्त, राहणार चुनेवाल्यांची गल्ली, अवेन्टाईन टेकडी.

विषय : धन्यांच्या मृत्यूनंतर घरचे पाणी तोडू नये, निदान लगेच तोडू नये, याबाबत.

संदर्भ : याच गल्लीतील सार्वजनिक हौद कोरडा पडल्याबाबत अर्जदाराने केलेले मागील अर्ज. उत्तर आलेले नाही.

महोदय,

१. अर्जदार सविनय सादर करतो की, त्याचे धनी सेक्स्टस कर्विलियस पुडेन्स, निवृत्त सैन्याधिकारी, यांना सम्राटांच्या कृपेने मार्सिया कालव्याचे पाणी घरात मिळालेले आहे. धनी हयात असेतोवरच ते चालू राहील, वारसाचा त्यावर हक्क नाही आणि घराचाही नाही, असे हुकमात स्वच्छ लिहिले आहे. कायद्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. कामेना देवींच्या झऱ्यापाशी पुजारीबुवा सणासुदीला गाऊन आख्यान लावतात, ते अर्जदार कधी चुकवत नाही. पाणी देवीचे, माणूस नुसता ओंजळ धरतो, हे निरूपण ऐकतच त्याचे केस पिकले.

२. तथापि गल्लीचा हौद वसंतापासून कोरडा आहे. दुरुस्तीची सरकारी टोळी म्हणते, नळ सम्राटांच्या टोळीकडे. सम्राटांची टोळी म्हणते, नळ आमचा पण हौद त्यांचा. एकदा दोन्ही टोळ्या एकाच दिवशी आल्या, आमच्या अंगणात सावलीला बसल्या, पाणी प्याल्या आणि गेल्या. तेव्हापासून धन्यांनी पहाटे दार उघडून ठेवण्याचा शिरस्ता पाडला आहे व सगळी गल्ली आमच्या अंगणात भरते. हे नियमात बसते काय, हे अर्जदाराने विचारलेले नाही; उत्तर आले असते तर पंचाईत झाली असती.

३. हल्ली धनी अंथरुणाला खिळले आहेत. पाय गार पडले, अन्न तुटले, वैद्याने येणे सोडले. ज्याची वेळ भरली त्याने जावे, पण ते जात नाहीत. श्वास लागला की अर्जदाराचे मनगट धरून म्हणतात, "थालुसा, मी गेलो की पाणी गेलं. कचेरीचं काही आलं का?" नाही म्हटले की डोळे मिटतात आणि पुन्हा धाप टाकू लागतात. शेजारची ओस्टोरिया आजी पायाला तेल चोळते. काल ती म्हणाली, "मालक, सुखानं जा म्हणायचीसुद्धा चोरी झालीय हो आम्हाला." धनी हसले. हसण्याचा त्रास त्यांना दुपारपर्यंत झाला.

४. आपल्या कचेरीचा मुकादम एपाफ्रा रोज सकाळी दाराशी येतो. तो वाईट माणूस नाही, त्याला वरून हुकूम आहे. "काय रे, आहेत का गेले? तोटी उपटायला माणूस बसवून ठेवलाय मी," असे तो विचारतो, आणि हे वाक्य आतल्या खोलीत ऐकू जाते. खालच्या चौकातल्या कपडे धुणाऱ्याने याच पाण्यासाठी अर्ज टाकून ठेवल्याचे कळते. तोही तब्येतीची विचारपूस करतो, मधाच्या वड्या पाठवतो. त्या कुणी खात नाही.

५. गल्लीने अर्जदारास पुष्कळ शहाणपण शिकवले. मुक्त करताना धन्यांनी रीतीप्रमाणे आपले नाव अर्जदारास दिले, त्यामुळे कागदावर दोघांत फरक फक्त शेवटच्या शब्दाचा. "तूच पुडेन्स म्हणून खाटेवर पड, कचेरीला कोण म्हातारा कुठला काय कळतंय," असा सल्ला मिळाला. देवीपुढे उभे राहायचे आहे, म्हणून अर्जदाराने तो मानला नाही. मात्र स्नानगृहाच्या नावे दिलेले पाणी मालक मेला तरी तुटत नाही, असे ऐकतो. आमच्या अंगणात एक दगडी कुंड आहे. त्यात गल्लीतली पोरे धुतली जातात, आणि एकदा एक गाढवही. सदर कुंडास स्नानगृह समजता येईल काय, याचा विचार व्हावा. ते न जमल्यास हौद दुरुस्त करावा. तेही न जमल्यास 'पाहू' एवढे तरी शिक्क्यानिशी लिहून द्यावे. धन्यांना वाचून दाखवायचे आहे. त्यांना तेवढे पुरेल.

६. वरील मजकूर लिहून होईतो धनी गेले. अर्जदार शाई वाळायची वाट पाहत होता, तेवढ्यात आजीने हाक मारली.

मेलेल्या माणसाला त्याच्या नावाने मोठ्याने साद घालावी, ही आमची रीत आपणास ठाऊकच आहे. अर्जदार उशाशी गेला आणि त्याने तोंड उघडले, तर आजीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. मुकादम गल्लीच्या तोंडाशी उभा होता. "घागरी भरू दे आधी. मालक काही म्हणणार नाहीत," ती म्हणाली. मग बायका आल्या. घागरी, तपेल्या, लोणच्याचे रांजण, जे हाताला लागले ते घेऊन. कुणी रडले नाही, कुणी बोलले नाही. एक भरून बाजूला होई, दुसरी भांडे लावी. जाताना प्रत्येक बाई आतल्या खोलीच्या उंबऱ्याला हात लावून गेली. धनी तोवर तसेच, हाक न मारलेले, पडून होते.

शेवटचे भांडे भरल्यावर मी साद घातली. सेक्स्टस कर्विलियस पुडेन्स, अशी, पूर्ण नावाने, घशात होता तेवढा आवाज काढून. मग सगळी गल्ली साद घालू लागली. मुकादमाने ती ऐकली आहे, सबब मृत्यूची वेगळी वर्दी देत नाही.

७. पहिल्या पाच परिच्छेदांतील विनंत्या आता रद्द समजाव्यात. धन्यांना आंघोळ घालायची आहे आणि नवव्या दिवशी सुतक फिटल्यावर घर धुवायचे आहे. तेवढे दिवस पाणी राहू द्यावे. हे शक्य नसेल तर निदान तोटी काढणाऱ्या माणसाने आज न येता उद्या यावे. दार उघडेच असेल.

शोकात असलेला, आपल्या हुकमाबाहेर नसलेला,
सेक्स्टस कर्विलियस थालुस

झऱ्यांच्या सणाचा आदला दिवस, ऑक्टोबर.

सोबत : काही नाही. कचेरीच्या शिक्क्याची तोटी भिंतीतच आहे व चालू आहे.