रिकाम्या चौकातला लाल दिवा

शुक्रवार, २ जानेवारी २००४

आज पुन्हा तोच तमाशा! चौकात लाल दिवा, मी रेषेच्या अलीकडे सायकलवरून एक पाय टेकून उभा, आणि मागून नुसते हॉर्न. एक मोटारसायकलवाला बाजूने सटकता सटकता ओरडला — "कका, सो गए क्या?" नाही रे बाबा, जागा आहे. म्हणूनच उभा आहे.

रायपूर राजधानी झालं तसे मंत्र्यांच्या गाड्यांवर लाल दिवे आले, आणि आमच्या चौबे कॉलोनीच्या वाट्याला चौकातला लाल दिवा. त्याला कोणी विचारत नाही. सायकलवाले तर म्हणतात, हे सगळं मोटारींसाठी, आपल्याला काय! मी छत्तीस वर्षं रेल्वेत काढली, शेवटची बारा स्टेशनमास्तर म्हणून. लाल ओलांडला की ड्रायव्हर घरी. मग तो कितीही जुना असो, गाडी कितीही लेट असो. तिथे 'पण' चालत नसे.

दिवसभरात बोलणं झालं ते त्या मोटारसायकलवाल्याशी. म्हणजे तोच बोलला.

शनिवार, ३ जानेवारी

कडाक्याची थंडी. वरण करपलं. उद्या सकाळी नऊला मुलाचा, शिशिरचा, दर रविवारचा फोन. काय सांगायचं ते ठरवून ठेवलं — गुडघा बरा आहे, शेजारच्या पद्मिनीताईंना नात झाली. तिसरं काही सुचत नाही.

मंगळवार, ६ जानेवारी

उजवा पाय प्लास्टरमध्ये. आज दवाखान्यातून घरी सोडलं. रविवारी मला व्हॅनने उडवलं, असं सगळे म्हणतात.

खरं काय ते इथे लिहितो. लाल होता. माझा.

दर रविवारी मी सायकलने स्टेशनवर जातो, बाकावर बसून गाड्या बघतो, साडेआठला घरी. परवा तिथे नत्थू भेटला, माझ्या हाताखालचा पॉइंट्समन, रूळ बदलणारा. "मास्तर, ओळखलं का मले?" म्हणाला. कोणी माझ्याशी इतका वेळ बोललं — उठवेना! निघायला नऊला दहा कमी. चौकात पोचलो तर लाल. चारी रस्ते रिकामे. घर पुढच्या वळणावर. शिशिर दोनदा फोन लावतो, नाही उचलला की मग थेट पुढचा रविवार. मी पायडल मारलं.

व्हॅन डावीकडून आली. तिला हिरवा होता. चालवणारा पोरगा पळाला नाही. उतरून मला उचलायला धावला, तर लोकांनी त्यालाच धरलं. मोठ्या गाडीचीच चूक, हा इथला कायदा. त्यात कोपऱ्यावरचा पानठेलेवाला ओरडला — "ये बाबूजी? अरे, ये तो खाली चौक में भी खड़े रहते हैं!" झालं. पोराला दोन सणसणीत बसल्या, मी पाहिल्या. आणि रस्त्यावर पडल्या पडल्या माझ्या डोक्यात काय, तर घरात फोन वाजतोय.

हवालदार वाकून म्हणाला, "बाबूजी, आपकी तो हरी थी ना?" मी मान हलवली. कळ आली म्हणून हलली, असं स्वतःला सांगून पाहिलं. नाही. हो म्हणूनच हलवली.

बुधवार, ७ जानेवारी

शिशिर आला! पद्मिनीताईंनी कळवलं होतं. हैदराबादहून रात्रभर बसून आला. लताचं, त्याच्या आईचं, वर्षश्राद्ध करून गेला होता, त्यानंतर आजच. तीन वर्षं. पोरगा कानापाशी पिकला की! पोहे केले त्याने, हळद दुप्पट. दोनदा मागून खाल्ले. स्वयंपाकघरात माझ्याशिवाय कोणी तरी भांडं पाडतंय, हे ऐकायला किती बरं वाटतं, ते कोणाला सांगू?

शुक्रवार, ९ जानेवारी

घर भरलेलं. पद्मिनीताईंची खिचडी. कॉलोनीतली माणसं, ज्यांची नावंही मला ठाऊक नव्हती. आपल्या इथल्या मराठी मंडळाचे यशवंतराव आले, केवढा मोठा हार घेऊन. म्हणाले, "गंगाधरराव, ट्रॅफिकच्या यातायात सप्ताहात तुमचा सत्कार करून राहिलो आपण. नियम पाळणारा सायकलस्वार! पोट्ट्यांपुढे दोन शब्द बोला." मी "बघू" म्हणालो. नको असं म्हणता आलं असतं की!

त्यांच्याकडूनच कळलं. व्हॅनवाल्याचं नाव सुशील साहू. पंडरी बाजारातल्या कापडवाल्या शेठकडे ड्रायव्हर होता. शेठने काढून टाकलं, लायसन्स पोलिसांनी ठेवून घेतलं, केस होणार. शिशिर दात खाऊन म्हणाला, "छोडूँगा नहीं उसको, बाबा." मी भिंतीकडे तोंड केलं. त्याला वाटलं पाय दुखतोय. उशी नीट केली त्याने माझी.

शनिवार, १० जानेवारी

आज सांगायचंच ठरवलं होतं. शिशिरने माझे केस विंचरून दिले. नाही सांगितलं.

रविवार, ११ जानेवारी

तो आला. सुशील. हातात चार संत्री, डोळ्याखाली अजून काळंनिळं. चप्पल बाहेर काढून दारातच उभा राहिला. शिशिर उठला तसा मी ओरडलो, "बसू दे त्याले!"

मला वाटलं भांडायला आला असेल. भांडला असता तर किती सोपं झालं असतं! तो माफी मागायला आला होता. खाली बघून म्हणाला, "बाबूजी, मुझे तो हरा दिखा था. पर आपको रोज देखता हूँ ना, खाली चौक में भी पैर टेके खड़े रहते हो. शेठ को लेकर निकलता हूँ तो हँसते हैं हम लोग. तो आप तो तोड़ोगे नहीं. मेरी ही आँख धोखा खाई होगी."

मग म्हणाला, डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणतात काही नाही. पण आता त्याला गाडी हातात घ्यायची भीती वाटते.

 संत्री ठेवून, पाया पडून गेला. माझ्या पाया! तोच प्लास्टरचा पाय!

शरम वाटते. नुसती शरम.

सोमवार, १२ जानेवारी

सकाळीच शिशिरला म्हटलं, "मले ठाण्यात घेऊन चल."

"काहून?"

"बयान बदलायचं आहे. लाल होता तो. मी तोडला."

त्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

ऑटोत पाय बाहेर काढून गेलो. ठाण्यातला मुन्शी गालात हसला — "रहने दो बाबूजी, इस उमर में याद इधर-उधर हो जाती है." मी म्हटलं, "याद ठीक है मेरी. लिखो." तीनदा सांगावं लागलं. सही केली. माझं जे व्हायचं ते होवो. सुशीलला निरोप गेला, लायसन्स परत मिळेल, त्याच्यावर केस नाही. शेठला मी चिठ्ठी लिहिली आहे. पानठेल्यावर ऑटो थांबवून तिथेही सांगितलं. पानवाला चुना लावता लावता थांबला.

यशवंतरावांचा फोन आला. सत्काराचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले. आज कोणी आलं नाही. 

मंगळवार, १३ जानेवारी

शिशिर आज गेला. ठाण्यातून आल्यापासून बॅग भरताना पहिल्यांदा बोलला — "बाबा, पर काहून तोडला? आप?" सांगितलं. नऊ वाजत होते, तुझा फोन यायचा होता.

तो खाली बसला.  मग म्हणाला, "बाबा, उस संडे मैंने फोन किया ही नहीं था. भूल गया था."