नायेलिसला चौथी ओळ आठवली नाही

मोका, जूनचा दुसरा मंगळवार

माझ्या लेकाला, रादामेसला, बाप्तिस्म्याच्या दिवशी धर्ममाता म्हणून हातात धरणाऱ्या मानाच्या कोमाद्रे उबाल्दिनाबाई यांस फ्रेदेस्विंदाचा नमस्कार पोचावा. हे पत्र हाती पडेल तेव्हा तुमचं कंबरडं जागेवर असो, न्यूयॉर्कची थंडी तुमच्यापासून लांब राहो (आता तिकडे ऊन असेल, पण तुम्हाला उन्हातही हुडहुडी भरते हे मला ठाऊक आहे), आणि तुमच्या सुनेला तुमच्या हातचं खाऊन एकदा तरी बरं म्हणायची बुद्धी होवो. माझं विचाराल तर गुडघा होता तसाच आहे. डॉक्टर म्हणतो साखर वाढली, मी म्हणते डॉक्टर नवा आहे. कोंबड्या सात होत्या, आता सहा आहेत. सातवीबद्दल शेजारच्या दोमितिलाला विचारलं, तर ती ढेकर देऊन म्हणाली, मला काय माहीत.

तर लिहायला कारण की आमच्या घरात गाण्यांवरून युद्ध पेटलं आहे आणि त्यात माझ्या नातीला, नायेलिसला, वय वर्षं नऊ, तडीपार करायचं ठरलं आहे. जूनअखेर शाळा सुटली की तिला आसुआला धाडणार, योकास्ताच्या मावशीकडे, दोन वर्षांसाठी. (योकास्ता म्हणजे माझी सून. तुम्ही तिला लग्नात पाहिलीत तेव्हा ती बारीक होती आणि गप्प होती.) त्या मावशीच्या घरात रेडिओ नाही, टीव्ही नाही, फोन कुलपात, आणि सकाळ-संध्याकाळ स्तोत्रं. मी एकदा गेले होते. तिथल्या बकऱ्यासुद्धा मान खाली घालून चालतात.

झालं असं की मे महिन्याच्या शेवटी शाळेत मातृदिनाचा कार्यक्रम होता. नायेलिसकडे कविता दिली होती, आईचे हात कसे मऊ, आईची सावली कशी थंड, असलं काहीतरी. (योकास्ताचे हात मऊ असतील तर माझे लोण्याचे.) पोरगी इस्त्रीचा पांढरा झगा घालून उभी राहिली, तीन ओळी खणखणीत म्हणाली आणि चौथीला अडकली. सगळा हॉल बघतोय, बाई पडद्याआडून ओठ हलवताहेत, पुढच्या रांगेत फादर बसलेत. आता गप्प उभं राहायचं म्हणजे रडू येणार, म्हणून जे तोंडात आलं ते तिनं म्हणून टाकलं, ठेका चुकू दिला नाही. तोंडात आलं ते डेम्बो. तेच ते धडधड गाणं, सध्या गल्लीगल्लीत वाजतं ते, ज्यात बाई नवऱ्याला सांगते की भांडी तू घास, मी नाचायला चालले, कोणाबरोबर ते विचारू नकोस. दुसऱ्या ओळीला मागची पोरं सामील झाली. तिसऱ्या ओळीला अख्खी शाळा. आणि कोमाद्रे, मी खोटं बोलत नाही, पाचव्या ओळीला अर्ध्या आयासुद्धा. पहिलीला शिकवणाऱ्या बाईंना तर सगळं पाठ होतं, मधल्या आरोळ्यांसकट.

घरी येऊन रादामेस असा बसला की जणू कोणी मेलं आहे. मुलगी हातची गेली, म्हणाला. मी म्हटलं, कुठे गेली, मोरीवर हातपाय धुते आहे. पण माझं कोण ऐकतं. त्या दिवसापासून नवरा-बायकोनं घर शुद्ध करायला घेतलं. फोन काढून घेतला, टीव्हीवर चादर टाकली. राहिलं समोरचं किराणा दुकान, जिथे बिअरही मिळते. दुकानदार चेपेचा स्पीकर माझ्या कपाटापेक्षा उंच आहे आणि तो थेट आमच्या दाराकडे तोंड करून ठेवलाय. रादामेस तिथे गेला, बापाला शोभेल असं बोलला. चेपे म्हणाला, तुमच्या मुलीसाठी आवाज कमी करतो दादा, पण मग बिअर कोण पिणार, तुम्ही का. त्यानं कमी केला. तेवढ्यात रादामेस दोन बिअर प्यायला, आणि तो बाहेर पडेपर्यंत आवाज परत होता तिथे. मग योकास्तानं खिडक्या लावल्या. जूनमध्ये, पत्र्याखाली. पोरीच्या कानात कापूस घातला. दुसऱ्या दिवशी नायेलिसला मी म्हटलं जेवायला ये, तर ती म्हणते, आजी, कोण येतंय. तीन वेळा. चौथ्यांदा मी कापूस उपटला, तो घामानं चिंब भिजला होता.

यावर शहाण्यांनी शाळेत पालकांची सभा भरवली. ठराव असा की वाईट गाण्यांची यादी करायची आणि ती सगळ्या घरांच्या भिंतीवर लावायची. रादामेस अध्यक्ष, कारण त्याची मुलगी. (असा मान तुमच्या घराण्यात कोणाला मिळाला असेल तर कळवा.) आता यादी करायची तर नावं हवीत, आणि नाव सांगणारा म्हणजे ते गाणं ऐकणारा. एकही आई, एकही बाप तोंड उघडेना. सगळे संत. शेवटी कोणीतरी म्हणालं की मुलांना विचारा, आणि बाहेर पायरीवर नायेलिसच होती. तिला आत बोलावून खुर्चीवर उभं केलं. पोरीनं एकेचाळीस गाणी सांगितली. नुसती नावं नाहीत, कारण निम्म्या गाण्यांना नाव नाही, म्हणून ती एकेकाचा तुकडा गाऊन दाखवी, आणि योकास्ता लिहून घेई. मध्येच पोरगी म्हणाली, मम्मी, ते तसं नाही, तिथे दोनदा म्हणतात. योकास्तानं खोडून दोनदा लिहिलं. मी मागच्या रांगेत होते, मला सगळ्यांचे पाय दिसत होते. फादरांचे बूटसुद्धा स्वस्थ नव्हते.

यादी अजून लागलेली नाही, कारण तेवढ्यात ती कोणीतरी लंपास केली. सगळ्या पोरांना नक्कल हवी होती.

पण माझं डोकं खरं फिरलं ते गेल्या रविवारी. रादामेस म्हणाला, मुलीला चांगलं संगीत ऐकवू या, आपलं संगीत. आणि लावला बचाता. गाण्यातला माणूस दारू पितोय, कारण त्याची बायको दुसऱ्याच्या बिछान्यात आहे, आणि तो दाराबाहेर उभा राहून ऐकतोय. माझा अध्यक्ष डोळे मिटून मान डोलावतोय. याला म्हणायचं संस्कार. कोमाद्रे, तुम्ही आणि मी एकाच गल्लीत वाढलो, तुम्हाला सांगायला नको. आपल्या वेळी बचाता लागायचा तो फक्त पुलापलीकडच्या त्या घरात, जिथे दिवसाही पडदे ओढलेले असत. रेडिओवर लावायची लाज वाटायची लोकांना. माझ्या आईनं मला ते गुणगुणताना पकडलं तेव्हा पेरूची फोक मोडेपर्यंत मारलं होतं, आणि मग दुसरी आणायला मलाच पाठवलं. तेच गाणं आता देवाच्या फोटोखाली वाजतंय. नायेलिसनं ताटावरून मान वर करून विचारलं, पप्पा, तो माणूस दार का वाजवत नाही. रादामेसला ठसका लागला. योकास्तानं उठून बटण बंद केलं आणि म्हणाली, आसुआ. तेव्हापासून घरात गाणं नाही, आणि पोरगी दिवसभर आपल्या कपड्यांच्या घड्या घालते, उलगडते, परत घालते. मावशीला पत्र गेलंसुद्धा.

मला काय त्याचं. मुलगी त्यांची, त्यांनी आसुआला पाठवावी नाहीतर चंद्रावर. मी म्हातारी, अक्षरओळख तिसरीपर्यंतची, मी मध्ये बोलणारी कोण. केवळ तुमच्या कानावर असावं म्हणून लिहिलं. तुमच्या सुनेला नमस्कार, आणि इकडे कोणी येणार असेल तर त्याच्या पेटीतून तुमचं ते कंबरेचं मलम माझ्या गुडघ्यासाठी पाठवा.

तुमची कोमाद्रे,
फ्रेदेस्विंदा

ता. क. मलम राहू द्या. रादामेस दर रविवारी अकराला तुम्हाला फोन करतो, मद्रिना, धर्ममाते, आशीर्वाद, म्हणतो, आणि तुम्ही म्हणता, देव तुझं भलं करो. बेचाळीस वर्षांचा घोडा आहे, पण तुमच्याकडून हे ऐकल्याशिवाय सोमवारी केळ्यांचा ट्रक हलवत नाही. हे पत्र मिळाल्यावरच्या रविवारी देऊ नका. तो मागेल, तुम्ही गप्प राहा. पुन्हा मागेल, तरी गप्प. मग म्हणा, नायेलिस कुठे आहे. ती घरीच राहील असं तो तोंडानं कबूल करेपर्यंत देवाचं नाव काढू नका. बाप्तिस्म्याच्या वेळी तुम्ही पोराला धरलं होतंत, तेव्हा पाण्यात पडू दिलं नाहीत, आता धरा.

ता. क. दुसरा. ते भांडी घासायचं गाणं पोरगी चेपेच्या दुकानात शिकली असं सगळ्यांना वाटतं. ती माझ्या स्वयंपाकघरात शिकली. हिरवी केळी कुटायला तो ठेका बरा पडतो, मुसळ आपसूक उचलतं. त्यातले शब्द मला धड कळत नाहीत, तिनंच समजावले. हे रादामेसला सांगायचं नाही.

ता. क. तिसरा. तुम्ही म्हणाल, बाई, आई तू आहेस, तूच का आशीर्वाद अडवत नाहीस. आज सकाळी अडवला. तो दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला, मम्मी, आशीर्वाद, म्हणाला. मी तांदूळ निवडत राहिले. तो म्हणाला, मम्मी, रस्त्याला पाऊस आहे. मी खडे काढत राहिले. तो गेला नाही, उभाच राहिला. मी त्याच्या बुटाकडे बघितलं, नाडी सुटली होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, देव तुझं भलं करो. तुम्हाला फोनवर त्याचे बूट दिसणार नाहीत, म्हणून हे काम तुम्हाला सांगते आहे.