जॅममधल्या त्या वस्तूसाठी योग्य इंग्रजी शब्द

३ मार्च, सोमवार
आमच्या कारखान्याच्या जॅमच्या बाटलीत पाल सापडली. अख्खी नाही, मागचा अर्धा भाग. शी! एका दाताच्या डॉक्टरीणबाईंनी बाटली परत पाठवलीय. सोबत इंग्रजीत दोन ओळी: 'देअर इज समथिंग इन द जॅम. व्हॉट इज इट?' बास. ना 'विथ रेफरन्स टू', ना 'काइंडली'. एवढी शिकलेली बाई आणि इंग्रजी भाजीवाल्याशी बोलल्यासारखं. पाल बघून मळमळलं, हे वाचून जास्त मळमळलं.

बाटलीवर वर्तमानपत्र टाकून ठेवलंय. उत्तर अर्थात मीच लिहिणार. फळं उकळणारे इथे पुष्कळ आहेत, इंग्रजी जाणणारा एकच. साहेब म्हणाले, बाई गप्प बसल्या तर पत्रव्यवहार प्रमुखाची खुर्ची तुमची, काचेच्या दाराच्या केबिनसकट. नाहीतर भाच्याची. भाचा म्हणजे साहेबांचा भाचा. वय अठ्ठावीस, अक्कल अजून जन्मायची आहे.

संकल्प: उद्या दुपारपर्यंत पत्र पूर्ण.

४ मार्च
दुपार झाली. 'अनएक्स्पेक्टेड' लिहिलं नि खोडलं. 'अनएक्स्पेक्टेड लिझर्ड' म्हटलं की एक्स्पेक्टेड लिझर्डसुद्धा असतात असा अर्थ निघतो. जणू दर बाटलीमागे एक आम्ही धरूनच चालतो. 'सरप्राइज' पाहिला. तो वाढदिवसाला ठीक. 'अनफोरसीन' भूकंपाला लावतात. पालीला एवढा मान नको.

भाचा डोकावून म्हणाला, काका, 'सॉरी फॉर द इन्कन्व्हिनियन्स' टाका की, सगळीकडे चालतं. इन्कन्व्हिनियन्स! लिफ्ट बंद पडली की इन्कन्व्हिनियन्स. टोस्टवर शेपटी आली की त्याला इन्कन्व्हिनियन्स म्हणणारा माणूस उद्या महापुराला ओल म्हणेल. मी त्याला तसं म्हणालो. तो मोबाइलकडे बघून हसला. माझ्या वाक्याला नाही, मोबाइलला.

५ मार्च
बायको म्हणाली, पाल पडली, चूक झाली, पुन्हा होणार नाही, असं लिहा नि मोकळे व्हा. मराठी माध्यमातली माणसं अशीच थेट बोलतात. तिला जेवताना शांतपणे समजावलं की इंग्रजीत 'अ' आणि 'द' असतं. 'अ टेल' लिहिलं तर असंख्य शेपट्यांमधली कुठलीतरी एक. 'द टेल' लिहिलं तर आपली ती नेहमीची. दोन्हीकडून कंपनीची अब्रू जाते. ती म्हणाली, पुन्हा शेपटी काढलीत तर ताट उचलीन. काढली. उचललं.

तिला व्याकरण सोसत नाही. उपाशी झोपलो.

६ मार्च
बाटलीला आता वास येतोय. वर्तमानपत्र बदललं, डोळे मिटून.

भाच्यानं तपासणी विभागाचा छापील कागद आणून माझ्यापुढे टाकला. त्यावर शब्द: 'फॉरेन बॉडी'. म्हणाला, असल्या गोष्टीला हेच म्हणतात काका, जगभर. जगभर काय वाट्टेल ते म्हणोत. फॉरेन म्हणजे परदेशी. ही पाल काय विमानानं आली? आमच्याच साखरेच्या गोदामात जन्मली, आमच्याच पोत्यांमागे वाढली. आपली घाण दुसऱ्या देशाच्या माथी मारायची? मला हा खोटेपणा पटेना.

आणि तिथेच शब्द सापडला. फॉरेनचा उलट काय? लोकल! 'लोकल बॉडी'. अंगावर काटा आला. कुठेतरी वाचल्यासारखाही वाटतोय, म्हणजे शुद्धच असणार.

७ मार्च
पत्र झालं. मुख्य वाक्यं इथे उतरवून ठेवतो, पुढे कोणी मागितली तर असावीत:

'वी रिग्रेट दॅट अ लोकल बॉडी हॅज एन्टर्ड युअर जॅम विदाउट परमिशन. नॉर्मली इट लिव्ह्ज बिहाइंड अवर शुगर बॅग्ज अँड डझ नो वर्क देअर.'

दुसरं वाक्य मुद्दाम घातलं. ग्राहकाला सगळं तपशीलवार कळलं की त्याचा विश्वास बसतो. साहेब फोनवर होते. खुणेनं विचारलं, इंग्रजीच आहे ना? मी मान हलवली. त्यांनी सही केली. न वाचता. याला विश्वास म्हणतात.

१० मार्च, सोमवार
विजय! डॉक्टरीणबाईंचा स्वतःहून फोन आला. म्हणाल्या, इतकं उघड लिहिणारी कंपनी मी पाहिली नाही. म्हणाल्या, आमच्याकडे नळाला येणाऱ्या पाण्यावरून मला त्यांचा संशय होताच. पत्राची प्रत पालिकेला पाठवलीय, आणि तुमच्या धैर्याला नमस्कार. पाण्याचं काय ते समजलं नाही. दातवाल्या, बोलतात अर्धं. पण रागावलेल्या नाहीत हे नक्की.

काचेच्या दारातून आत जाऊन आलो. खुर्ची फिरते. भाच्याला सांगितलं, उद्यापासून सर म्हण. तो म्हणाला, बरं काका.

१२ मार्च, सकाळी
पालिकेचे आरोग्य अधिकारी येतायत. पत्र ज्यानं लिहिलं त्यालाच भेटायचंय, असा निरोप आहे. इस्त्रीचा शर्ट घातला. बायकोनं विचारलं, जॅमशी पालिकेचा काय संबंध? म्हटलं, चांगल्या इंग्रजीला सरकारदरबारीही दुष्काळ आहे. ती म्हणाली, रुमाल न्या, घाम येईल.

त्याच दिवशी, संध्याकाळी
घाम आला.

अधिकाऱ्यांनी माझं पत्र साहेबांसमोर मोठ्यानं वाचलं. उच्चार भिकार. मग म्हणाले, लोकल बॉडी म्हणजे कोण, माहिती आहे का? स्थानिक स्वराज्य संस्था. म्हणजे आम्ही, पालिका. आमचा कोणता माणूस परवानगीशिवाय तुमच्या जॅममध्ये शिरला? आणि काहीही काम न करता तुमच्या पोत्यांमागे कोण राहतो, त्याचं नाव सांगा.

मी घाईनं खुलासा केला की माणूस नव्हे, पाल, आणि ती खरोखरच पोत्यांमागे राहते. यावर त्यांनी माझ्या पत्राची घडी घातली. म्हणाले, दाखवा.

गोदामात पोती हलवली. पुढचं लिहवत नाही. नांदती घरं होती. भिंत काळी होती, आणि ती भिंत हलत होती. साहेब बाहेर जाऊन उभे राहिले. अधिकाऱ्यांनी नाकाला रुमाल लावून दाराला सील ठोकलं. माझा रुमाल तोपर्यंत ओला झाला होता.

एक मात्र नोंदवतो. व्याकरणाची एकही चूक त्यांना काढता आली नाही.

१३ मार्च
रजा. पोट ठीक नाही. बायकोनं टोस्ट आणला, वर जॅम लावलेला. मुद्दाम की सहज, विचारलं नाही.

१५ मार्च
साहेबांनी बोलावलं. माझी बाजू नीट मांडली: पत्रात खोटं काय होतं? साहेब म्हणाले, तोच तर घोटाळा आहे, खोटं लिहिलं असतंत तर मी वकील दिला असता. भाचा फिरत्या खुर्चीत बसला होता. त्यानं डॉक्टरीणबाईंना फोन केला म्हणे, मराठीत, पाल पडली, चुकलं म्हणाला. बाई हसल्या आणि विषय संपला. याला काय संवाद म्हणायचं?

मला तपासणीच्या पट्ट्यावर टाकलंय. साहेब म्हणाले, वस्तू बाहेर गेल्यावर तुम्ही एवढं लिहिता, आता आतच पकडा. हरकत नाही. लिहिणाऱ्यानं विषयाच्या जवळ असावं.

१७ मार्च, सोमवार
जुनी साखर पालिकेनं उचलून नेली. नवीन साखर आली, कारखाना सुरू झाला. काम सोपं. स्टुलावर बसायचं. समोर पांढरा दिवा, त्याच्यापुढून पट्ट्यावर भरलेल्या बाटल्या सरकत जातात. काही दिसलं की उचलून बाजूला ठेवायची. पट्ट्यावरची ताई माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, काका, डोळे उघडे ठेवा, बाकी काही लागत नाही.

साडेदहाच्या सुमारास एका बाटलीत काहीतरी दिसलं. काचेला आतून चिकटलेलं, करडं, आणि त्याला पाय असावेत. 'पार्टिकल' म्हणावं तर मोठं. 'ऑब्जेक्ट' म्हणावं तर त्याला जीव होता कधीतरी. 'इन्सेक्ट' लिहिलं तर सिद्ध करावं लागेल. ताई ओरडली, काका, नावं नंतर ठेवा, आधी बाटली काढा! मी तिला एक मिनिट थांब म्हणालो.

पट्टा थांबत नाही. बाटली पुढे गेली, झाकण लागलं, लेबल लागलं, सारख्याच दिसणाऱ्या बाटल्यांच्या खोक्यात पडली. ताईनं निम्मी खोकी उघडून पाहिली. सापडली नाही.

शब्द चहाच्या सुट्टीत सुचला. 'रेम्नन्ट', म्हणजे अवशेष. नेमका, सभ्य, कोणाला न दुखावणारा. सांगायला धावत खाली गेलो, तर ट्रक फाटकाबाहेर वळत होता.