झेलायची ओळ

माय, तुझं गाणं मी खोट्या कामाला लावलं. तुला जाऊन सतरा वर्षं झाली. मधल्या काळात तुला कळवावं असं बरंच घडलं, लग्न झालं, गोंदियात दुकान टाकलं, मुलगी झाली, तेव्हा काही मी कागद घेऊन बसले नाही. आज बसले आहे, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगायचं तोंड नाही.

तुझी नात सहा वर्षांची आहे. कपाळ थेट तुझं. पण ती बोलत नाही. ऐकू सगळं येतं; बिरसीच्या विमानतळावरून शिकाऊ विमान निघालं की आपल्याला कळायच्या आधी तिचे हात कानांवर जातात. डॉक्टर स्वमग्न म्हणतात. नागपूरला नेऊन आणलं, नागऱ्याच्या महादेवापुढे बसवून आणलं, आणि मग कधीतरी फोनवर एक गट सापडला. अशा मुलांच्या आया, दोनचार बाप, आणि गाण्यातून मुलांवर उपचार करणाऱ्या पुण्याच्या एक बाई. रविवारी सकाळी सगळे व्हिडिओवर जमतो. सगळे एकदम गायले तर आवाज मागेपुढे होऊन नुसता कालवा होतो, म्हणून बाई आमचे आवाज बंद करतात. पडद्यावर वीस चौकटी, वीस तोंडं हलताहेत, आणि ऐकू येतात एकट्या बाई. हे पाहून तू पदर तोंडात कोंबून हसली असतीस. पण त्या गटाने मला सावरलं, हे खोटं नाही. पोरगी भिंतीवर डोकं आपटते हे मी सख्ख्या नणंदेला कधी सांगितलं नव्हतं. ते मी तिथे सांगितलं, आणि कोणी ‘अरेरे’ केलं नाही. जळगावच्या एका बाईने फक्त विचारलं, भिंतीला गादी लावली का?

बाईंनी सांगितलं होतं, घरातलं गाणं घ्या, आईकडून आलेलं. ओळ म्हणा, शेवटचा शब्द सोडून द्या आणि मुलाकडे बघत थांबा. शब्दच यायला हवा असं नाही, नुसता हुंकार आला तरी पुष्कळ. मी मनात म्हटलं, हे तर माझी माय धानाच्या बांधीत करायची. रोपांचा रोवणा चालू आहे, चिखलात ओणव्या बायांची रांग, मधोमध तू. तू ओळ टाकतेस आणि तिचा शेवट सोडून देतेस. तो बायांनी झेलायचा. त्यांचं झेलून होईपर्यंत तू पुढची ओळ घेत नाहीस, मग कोणाचा पाय चिखलात फसलेला असो की कोणी तंबाखू मळत उभी असो. एकदा मी मध्येच तोंड घातलं तर केवढ्याने ओरडली होतीस, “थांब ना वं! बायायचं होऊ दे. एकटीनंच गायाचं असन त घरी जाऊन गाय.” तेच गाणं मी घेतलं. पानी आलं बांधीत बाई, रोवाले चाल. त्यातलं ‘चाल’ सोडायचं. चार महिने रोज सोडलं. पोरगी खिडकीच्या जाळीत बोट घालून बसायची.

गटावर मात्र दर आठवड्याला कोणाचं तरी काहीतरी व्हायचं. अमरावतीच्या मुलाने ताल धरला, जळगावच्या मुलीने ‘आ’ केलं, आणि त्यांचे व्हिडिओ यायचे. मी टाळ्यांची चित्रं पाठवायचे आणि आतून जळायचे. हो, जळायचे, तुझ्यापाशी काय लपवायचं. बाई प्रेमाने विचारायच्या, “गोंदियाच्या ताई, तुमच्याकडे काही नवीन?” त्या प्रेमाचीही मला धास्ती बसली होती. एका दुपारी मी गाताना पोरीने नेमकी ‘चाल’च्या जागी जांभई दिली. मोबाईल समोर लावलेलाच होता. आमच्या दुकानात ऑनलाइन फॉर्म भरतात, पासपोर्ट फोटो काढतात. कोणाच्या गालावरचा डाग काढायचा, कोणाचा उतरलेला खांदा सरळ करायचा, हा माझा रोजचा धंदा. मी त्या जांभईवर माझाच आवाज बसवला, पातळ करून, लहान करून. चहा व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. नवऱ्याने मागून पाहिलं. गिऱ्हाइकांशी हिंदी बोलून बोलून तो घरातही तसाच बोलतो. म्हणाला, “यार, तू भी ना... डाल दिया क्या?” मी म्हटलं, टाकला गटावर. तो प्रिंटरमध्ये कागद घालत राहिला. गटावर दिवाळी झाली. बाईंचे डोळे भरून आले. आणि सगळ्यात वाईट सांगू का, तो व्हिडिओ मी स्वतः पुन्हापुन्हा पाहायचे, आणि मलाही भरून यायचं.

दीडेक महिन्याने चंद्रपूरकडच्या एका बाईचा निरोप आला. गटात ती फारशी बोलत नाही, तिचा मुलगा आठ वर्षांचा आहे. तिने लिहिलं होतं, “ताई, तुमचा व्हिडिओ पाहूनशान मी बी तेच गाणं म्हणून राहिली. पोरगा कान झाकते. सासू म्हणते तुह्या आवाजातच काई नाही. मलेबी तसंच वाटून राहिलं. आता गाणं बंद केलं. तुमी कसं गाता, एकडाव सांगा ना.” मी काय करावं? ‘धीर धरा ताई’ लिहिलं आणि खाली हात जोडल्याचं चित्र लावलं. मोबाईल पालथा ठेवून मी एका म्हाताऱ्याचा आधारचा फॉर्म भरायला घेतला, आणि त्यात त्याच्या जागी त्याच्या बायकोचं नाव लिहिलं. म्हातारा चिडला. त्याचं बरोबरच होतं.

कारण चंद्रपूरच्या बाईचं ते ‘मलेबी तसंच वाटून राहिलं’ मी आधी ऐकलेलं होतं, तुझ्या तोंडून, आपल्याच रांधणीत. मी सातवीत होते, रोवण्याची सुट्टी होती. रस्त्याला लागून असलेल्या बांधीत आपण होतो. तू एकदम म्हणालीस, “आता हे ओळ माही पोरगी झेलन.” तू ओळ टाकलीस, शेवट सोडलास. मी गप्प. सगळी रांग ओणवीच थांबली. तू स्वतः ती ओळ पुरी केली नाहीस, दुसरीला करू दिली नाहीस, माझ्याकडे बघत राहिलीस, आणि तुझ्या हातातल्या धानाच्या परह्याच्या जुडीतून पाणी ठिबकत होतं. “काऊन वं, येत नाही का?” मी मान हलवली, नाही येत. संध्याकाळी चुलीपुढे तू काकूला म्हणालीस, “मलेच सिकवता येत नाही वाटते.” पुढचे तीन दिवस जुड्या बांधता बांधता तू मला ती एकच ओळ शिकवत होतीस. मी फार घाईनं म्हणतो का वं, असं मलाच विचारत होतीस. मी मुकाट्याने शिकत होते.

काल मी त्या चंद्रपूरच्या बाईला सगळं लिहिलं. आवाज माझा आहे, मुलीने जांभई दिली होती, तुमच्या आवाजात काही कमी नाही, गाणं बंद करू नका. तिने वाचलं आहे, दोन खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलेलं नाही. तिने परत गायला घेतलं की मोबाईलच फेकून दिला, मला कळायला मार्ग नाही. येत्या रविवारी गटावर सांगणार आहे. काढून टाकलं तर माझ्याकडे दुसरं ठिकाण नाही. आज सकाळी मोबाईल दुकानात ठेवून मी पोरीजवळ बसले. ओळ म्हटली, शेवट सोडला, थांबले. फार वेळ थांबले. तिने माझ्या गळ्याला हात लावला, आवाज निघतो तिथे. मी गप्प होते, तिच्या हाताला काही लागलं नसेल. मग ती उठून जाळीकडे गेली.

हा कागद कुठे जायचा नाही. जुन्या फॉर्मांच्या गठ्ठ्याखाली घालून ठेवीन. पण एक राहिलं. माय, त्या दिवशी मला ती ओळ येत होती. रस्त्यावरून माझ्या वर्गातल्या मुली सायकलीवर चालल्या होत्या, आणि चिखलात गाणारी ती बाई माझी माय आहे हे त्यांना कळू नये, म्हणून मी गप्प राहिले.