समुद्रासाठी तलावात

बाबा, आज शाळेतली एक गोष्ट आठवली आणि तिच्यामागून तुम्ही आलात. आमच्या सिस्टर सांगायच्या, फार पूर्वी अमेरिका नवी वसत होती, तेव्हा आमच्याहून थोड्या मोठ्या मुली घर सोडून एकट्या जहाजात बसायच्या. कित्येक आठवडे नुसतं पाणी, आणि पलीकडे ओळखीचं कोणी नाही. वर्गातल्या बाकीच्या मुलींना त्यांची दया यायची. मला हेवा वाटायचा. घरी मी हे कधी बोलले नाही.

पुढे अंदमानातल्या शाळेत नोकरी लागली. मद्रासहून जहाजाने जायचं होतं. "नागपूरच्या पुढं कोणी गेलं नाही आपल्यातलं, अन्‌ ही समुद्रात जाऊन राहिली," आई चुलीपुढे बसून भिंतीला सांगायची. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. भाताची रोवणी आटोपली आणि एका सकाळी मला करडीच्या तलावावर नेऊन शिंगाडेवाल्याच्या डोंग्यात, त्याच्या अरुंद होडीत, बसवलंत.

"दोन्हीकडं धर. भेव लागला तं सांगजो, परत फिरू."

डोंगेवाला हसला. "काकाजी, समुद्र का आपल्या तलावावानी रायते जी?"

"पाणी तं पाणीच असते ना बे. तू चालव."

मी घाबरले तर जाणं रद्द, हे मला न सांगता कळलं होतं. डोंगा कलतो, पाणी आत येतं, मी दात आवळून समोर पाहते. समोर तुम्ही बसलेले, पोहता न येणारे, डोंग्याच्या कडा इतक्या घट्ट धरून की बोटं पांढरी पडलेली. मधोमध गेल्यावर तुम्हीच म्हणालात, "फिरव रे, पुरे झालं." घरी येऊन आईला एवढंच सांगितलंत, "पोरगी भेत नाही. जाऊ दे तिले."

काही वर्षांनी तुम्ही गेल्याची तार आली, तेव्हा पुढच्या जहाजाला आठवडा होता. मी पोचले तोवर तेरावं उरकलं होतं. आई म्हणाली, "शेवटी इचारत होते, पोरगी निघाली काय म्हणून." लोकांना वाटतं, मला पस्तावा होत असेल. पण त्या बेटावर माझं सगळं आयुष्य गेलं, आणि ते मला आवडलं. पुन्हा जायची वेळ आली आणि पुढचं सगळं आधीच माहीत असलं, तुमचं ते विचारणंसुद्धा, तरी मी जाईन, बाबा. तुम्ही असता तर हे तोंडातून निघालं नसतं. कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिलं.